खंडेनवमीच्या टेपा

दवाखान्यातल्या कॉम्प्युटरच्या खोलीत मी अकरा वर्षं काढली. त्यातली एक-दोन तरी नुसती टेपची वाट बघण्यात गेली असतील. नोकरीत काय करता, असं कोणी विचारलं की मी सांगायचे, "बसून असते." लोकांना तो विनय वाटायचा.

काम तसं सोपं होतं. दर शनिवारी दुपारी सर्व्हरमधलं सगळं टेपवर उतरवून ठेवायचं. ही टेप म्हणजे गाण्याच्या कॅसेटची धाकटी बहीण, तळहातात सहज मावणारी. ती ड्राइव्हच्या तोंडाशी धरली की आत ओढली जायची आणि मग तिचं सुरू व्हायचं. पुढे जायची, थांबायची, मागे यायची, पुन्हा पुढे. सासुरवाशीण माहेराहून निघताना करते तसं. चारला लावलेली टेप साडेपाचला बाहेर पडायची आणि माझी सिडकोची बस सव्वापाचला सुटायची. पुढची बस मिळेपर्यंत अंधार. घरी गेल्यावर कणीक मळता मळता कोणी विचारलं, आज उशीर का, तर काय सांगणार? आज टेप रमली होती, असं?

नव्वदीच्या मध्यावर ही नोकरी लागली तेव्हा कॉम्प्युटर शिकलेली बाई म्हणून आमच्या चाळीत माझा थोडा भाव होता. तो दोन-तीन वर्षांत उतरला. दवाखाना गंगापूर रोडच्या बाजूला, धर्मादाय, त्यामुळे पगारही धर्मादायच. खोलीला खिडकी एक, तीही एसीनं अडवलेली. मे महिन्यात सगळा दवाखाना काही ना काही निमित्त काढून माझ्या खोलीत येऊन उभा राहायचा आणि मी स्वेटर घालून बसलेली असायचे.

त्या टेपांवर काय होतं ते सांगायला हवं. आमच्याकडे एक डॉक्टरबाई होत्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणायचो. पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर जाऊन लोकांचं रक्त तपासायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. सिकलसेल नावाचा आजार तिकडे घराघरांत आहे. रक्तातल्या गोल पेशी वाकून विळ्याच्या पात्यासारख्या होतात, बारीक नळ्यांत अडकतात आणि पोराची हाडं अशी दुखतात की जीव नकोसा होतो. आई आणि बाप दोघांकडून आला तर पोर आजारी, एकाकडूनच आला तर पोर धडधाकट. आजार बरा होत नाही, पण आधी कळलं तर पुष्कळ करता येतं. गोळ्या, भरपूर पाणी, थंडीत जपणं, अंगमेहनतीचं काम न देणं, ताप आला की लगेच दवाखाना गाठणं. म्हणजे कळणं हेच निम्मं औषध, असं मॅडम म्हणायच्या.

त्या पावसाळ्यातच जायच्या. रस्ते वाहून गेलेले, जीप रुतायची, छत्री उलटी व्हायची, तरी पावसाळ्यातच. कारण माणसं तेव्हाच पाड्यावर सापडतात. भात-नागली घरात आली, दिवाळी झाली की निम्मा पाडा दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतो आणि मग कोण कुठल्या बागेत आहे ते देवालाही सांगता येत नाही. म्हणून ठरून गेलेलं होतं. पावसाळ्यात रक्त आणायचं, दसऱ्याच्या आत तपासून निकाल काढायचे, आणि दसरा ते दिवाळी या मधल्या दिवसांत ज्याचे त्याला नेऊन द्यायचे.

यातली एक गोष्ट माझी. आधी या कामाचे कागदच कागद होते. पाड्यावरची वही, लॅबची वही, निकालाची वही, आणि तिन्हींत नावं वेगवेगळी. मी सांगितलं, एका माणसाची एकच चिठ्ठी करा. पाड्यावर मॅडमनी तिच्यावर नाव, वय, आईबापांची नावं आणि पाडा लिहायचा. तीच चिठ्ठी रक्ताच्या नळीला गुंडाळून लॅबमध्ये जाईल, लॅबवाला तिच्यावरच निकाल लिहील, आणि मग ती माझ्याकडे. मी कॉम्प्युटरमध्ये घालणार, टेपवर उतरवणार आणि चिठ्ठी फाडून टाकणार. एकदम सुटसुटीत. सगळ्यांनी मान डोलावली.

मॅडम मात्र म्हणाल्या, "फाडायच्या कशाला? राहू देत की खोक्यात."

"मॅडम, वाळवी लागते. मागच्या पावसाळ्यात दोन वह्यांचा लगदा झाला, आठवतंय ना? एकीच्या जागी चार टेपा आहेत. कागदापेक्षा टेप केव्हाही बरी."

"तुझी खात्री आहे ना?"

"मॅडम, माझं कामच ते आहे."

हे मी किती तोऱ्यात म्हटलं होतं ते आठवलं की आजही कानशिलं गरम होतात.

टेपा चार होत्या. एक या आठवड्याची, एक मागच्या आठवड्याची, एक महिनाअखेरची आणि एक वर्षाची, गुढीपाडव्याच्या सुमाराला घेतलेली. त्यातल्या दोन दवाखान्यात राहायच्या आणि दोन माझ्या घरी, लोखंडी कपाटात साड्यांच्या थप्पीमागे. दवाखान्यात आग लागली, पाणी शिरलं तर निदान या लांब असाव्यात म्हणून. आणखी एक प्रत पुण्याच्या एका संस्थेत ठेवावी म्हणून एकदा कुरियरनं टेप पाठवलीही होती. तिकडून ती आठवड्यानं परत आली. त्यांचा ड्राइव्ह निराळा, आमची टेप त्यात बसतच नव्हती. पुन्हा खटपट करायचा कंटाळा मीच केला.

आता त्या वर्षीच्या खंडेनवमीबद्दल. नवं शतक लागून तीन-चार वर्षं झाली असतील. त्या पावसाळ्यात मॅडम दोन-तीन नव्या पाड्यांवर जाऊन आल्या होत्या. शंभरावर चिठ्ठ्या. शेवटच्या चिठ्ठ्या मी दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात घातल्या आणि मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या.

"आजारी किती?"

"तीन, मॅडम. तिन्ही पोरं."

त्यांनी पडद्यावरची नावं वाचली. मान हलवली. "दसरा झाला की पहिल्यांदा या तिघांकडे जायचं. गोळ्या काढून ठेवायला सांग."

खंडेनवमीला हत्याराला विश्रांती असते. पिठाची गिरणी बंद, रिक्षा धुऊन हार घालून उभी. माझा नवरा ओझरला कारखान्यात, तिथं लेथ मशीनलाही त्या दिवशी हात लावत नाहीत. मग माझ्या सर्व्हरनं काय पाप केलं होतं? वीज गेली तरी इन्व्हर्टरवर तो चालूच असायचा. चार वर्षांत एकदाही बंद केला नव्हता. मी गुरुवारी ताजी टेप घेतली आणि शुक्रवारी सकाळी सर्व्हर रीतसर बंद केला. त्याची घरघर थांबली तेव्हा खोली एकदम मोठी वाटायला लागली.

टेबलावर धुतलेला टॉवेल अंथरला. कीबोर्ड, माउस, टेप ड्राइव्ह मांडला. आणि चारही टेपा. घरच्या दोन मी मुद्दाम पिशवीत घालून आणल्या होत्या. वर्षभर राबणाऱ्या चौघींतल्या दोघींची पूजा करायची आणि दोघींना कपाटात कोंडून ठेवायचं हे मनाला पटेना. त्यांच्या प्लॅस्टिकच्या डब्यांतून त्या बाहेर काढल्या, कारण डबीला कुंकू लावण्यात काय अर्थ? प्रत्येकीला हळदीचं बोट टेकवलं, वर कुंकवाची चिमूट, अक्षता, झेंडूचं फूल. लॅबवाल्यानं नारळ फोडला. ड्राइव्हच्या तोंडाशीही मी कुंकू लावलं. छान दिसत होतं सगळं. मला भरूनही आलं थोडं. एवढ्या वर्षांत या कामाकडे मी कधी नीट बघितलं नव्हतं, त्या दिवशी बघितलं.

पूजा मांडलेली हलवायची नाही म्हणून ती तशीच ठेवून आम्ही घरी गेलो. शनिवारी दसरा, मग रविवार.

सोमवारी आले, फुलं उचलली, टेपांवरच्या अक्षता झटकल्या. कुंकू पुसलं नाही. का, ते कोण्या बाहेरच्या माणसाला समजावणं अवघड आहे. पुसलं असतं तर काही बिघडणार नाही हे मला कळत होतं, कॉम्प्युटरची परीक्षा पास झालेली बाई मी. पण हात धजला नाही. कुंकू आपल्या हातानं पुसायचं नसतं. ते आपोआप जाईल तेव्हा जाईल.

सर्व्हरचं बटण दाबलं. दिवे लागले, पंखा फिरला, आणि आतून बारीक टक् टक् टक् असा आवाज यायला लागला. पुढे काही नाही. पुन्हा बंद, पुन्हा चालू. टक् टक् टक्. पुढे कळलं, वर्षानुवर्षं फिरत राहिलेली जुनी डिस्क एकदा पूर्ण थंड झाली की कधी कधी अशी अडून बसते. त्याला विश्रांती मी दिली होती.

तरी मी घाबरले नव्हते. उलट मला वैताग आला होता. आता दुसरी डिस्क घालायची, त्यावर टेपेवरून सगळं उतरवायचं, म्हणजे आजचा दिवस गेला, उद्याचाही गेला. कपाटात पडून असलेली जादा डिस्क दुपारपर्यंत बसवली. तीन वाजता ताजी टेप ड्राइव्हमध्ये घातली. ती आत गेली, पुढे झाली, मागे आली, आणि एक असा आवाज झाला जो मी एवढ्या वर्षांत ऐकला नव्हता. कोणी पाटीवर नख ओढावं तसा. पडद्यावर चूक. टेप बाहेर.

ड्राइव्ह ज्यांच्याकडून घेतला होता त्यांना फोन लावला. त्यांचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. फोनवर तो म्हणाला, "ताई, टेप खराब असेल. दुसरी लावून बघा तोवर."

उद्यापर्यंत थांबायला काय हरकत होती? काहीही नव्हती. पण मला ते संपवायचं होतं. दिवसभर उभी होते, पाय दुखत होते, दिवाळीची साफसफाई घरी वाट बघत होती, आणि सव्वापाचची बस मला एकदा तरी मिळायला हवी होती. मी मागच्या आठवड्याची टेप घातली. तोच आवाज. महिनाअखेरची घातली. तोच आवाज, आणखी मोठा. तिची फीत तर आतच गुंतली, ओढून काढावी लागली. तीन झाल्या. चौथी हातात घेतली.

तेवढ्यात मॅडम आल्या. निकालांचे कागद छापून झाले का ते विचारायला आल्या होत्या. त्यांनी टेबलावर पडलेल्या तीन टेपा बघितल्या, माझा हात बघितला. माझी बोटं लाल झालेली होती.

"हे काय लागलंय यांना?"

"कुंकू, मॅडम. परवाच्या पूजेचं."

त्यांनी हात पुढे केला. "ती माझ्याकडे दे."

मी दिली. त्यांनी ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली आणि गेल्या. तेव्हा कुठे मी माझी लाल बोटं नीट बघितली.

दुसऱ्या दिवशी तो माणूस आला, ड्राइव्ह खोलला. आत टेप जिच्यावरून घासत जाते त्या बारीकशा भागावर लाल भुकटी घट्ट बसली होती. त्यानं ती कापसानं साफ केली आणि तो कापूस मला दाखवला. तो काही वाईट माणूस नव्हता, पण म्हणाला, "पहिल्या टेपेनंतर थांबला असतात ना ताई, तर बाकीच्या वाचल्या असत्या. ही घाण आत बसली, आणि मग जी जी आत गेली ती ती खरवडली." आदल्या दिवशी फोनवर दुसरी लावा म्हणाला होता ते तो विसरला होता. मी आठवण करून दिली नाही. कुंकू त्यानं लावलेलं नव्हतं.

चौथी टेप त्यानं आधी पुसून घेतली, मग घातली. ती व्यवस्थित वाचली गेली. पाडव्यापर्यंतचं सगळं परत मिळालं, मागच्या सगळ्या वर्षांतले सगळे पाडे. गेला तो पाडव्यानंतरचा एक पावसाळा. चिठ्ठ्या मी फाडलेल्या होत्या.

आणि त्या पावसाळ्यात ती तीन पोरं होती.

मॅडम माझ्यासमोर बसल्या आणि आम्ही दोघी आठवायला लागलो. त्यांनी ती नावं पडद्यावर एकदा वाचलेली. मी तर स्वतःच्या हातांनी टाइप केलेली. मला एकही आठवेना. मॅडमना एवढंच आठवलं की दोन मुलगे होते आणि एक मुलगी, आठ-नऊ वर्षांची. कुठल्या पाड्यावरची, ते नाही. कुठे कुठे जाऊन आलो होतो ते पाडे माहीत होते, पण शंभरावर माणसांतून ती तीन कोणती, ते रक्तच सांगणार.

"परत घ्यायचं सगळ्यांचं," मॅडम म्हणाल्या. "दिवाळीच्या आत. तू पण चल, लिहायला कोणीतरी लागेल."

त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एकदा मी जीपमध्ये म्हणालेही, "मॅडम, काहीतरी बोला ना मला." त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "बोलून नावं सापडणार असली तर बोलते."

पेठ रस्त्यानं आम्ही त्या तीन आठवड्यांत किती खेपा केल्या ते मोजलं नाही. सुया, नळ्या आणि चिठ्ठ्या. आता चिठ्ठ्यांना कार्बन लावून दोन प्रती. भात कापणीला आलेलं, लोकांना मान वर करायला वेळ नाही. बांधावर उभं राहून एकेकाला हाक मारायची. एक म्हातारी हात मागे घेऊन म्हणाली, "मागं दिलं ना रगत? त्याचं काय क्येलं?" मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आजी, हरवलं ते. माझ्याकडून हरवलं." म्हातारी हसली. "रगत बी हरवतं व्हय तुमचं?" आणि तिनं हात पुढे केला. मला त्या हसण्याचा राग आला आणि लगेच स्वतःची लाजही वाटली.

पहिला मुलगा चौथ्याच दिवशीच्या तपासणीत सापडला. दुसरा दिवाळीच्या आदल्या दिवशी. मुलगी सापडली नाही. दिवाळीनंतर पुन्हा गेलो तेव्हा काही घरांच्या दारांना बाहेरून काटक्या लावलेल्या होत्या. शेजारच्यांनी सांगितलं, गेले बागांत. कुठल्या बागेत? हात हवेत फिरवून त्यांनी सगळा पूर्वेकडचा मुलूख दाखवला.

त्या थंडीत रविवार मिळाला की मी दिंडोरीकडे जायचे. कधी मॅडमबरोबर जीपनं, कधी एकटी एसटीनं. रस्त्याकडेच्या बागेत शिरून विचारायचं, सुरगाण्याकडची माणसं आहेत का, आठ-नऊ वर्षांची पोरगी आहे का कोणाबरोबर. बागवाल्यांना वाटायचं, बालमजुरीची तक्रार घेऊन आलेली सरकारी बाई आहे, ते पोरं लपवायचे. नवरा म्हणाला, "पुरे आता, तुझ्या अंगाचं नुसतं चिपाड झालंय." मुलं म्हणाली, आई रविवारीसुद्धा घरी नसते. सगळं खरं होतं. मी इतकी दमले होते की बसमध्ये उभ्या उभ्या डोळा लागायचा. पण घरी बसलं की तो ओरखड्याचा आवाज कानात सुरू व्हायचा, त्यापेक्षा चालणं बरं.

ती सापडली माघ सरता सरता, द्राक्षं उतरवायला लागले तेव्हा. त्या दिवशी मॅडम बरोबर होत्या. बागेच्या कडेला द्राक्षं भरायच्या प्लॅस्टिकच्या जाळ्यांची थप्पी, शेजारी प्लॅस्टिकच्या कागदाचं पाल, आणि त्याच्यापुढे उन्हात एक मुलगी बसलेली. डोळे पिवळट. आम्हाला बघून ती उठली आणि आईला बोलवायला निघाली, तेव्हा मॅडमनी माझं मनगट धरलं. मुलगी एक पाय ओढत चालत होती. मॅडम हळूच म्हणाल्या, खुब्याचं हाड गेलंय, हा पाय आता पहिल्यासारखा व्हायचा नाही.

आई आली. हात द्राक्षांच्या रसानं चिकट झालेले, ते लुगड्याला पुसत उभी राहिली. मॅडमना तिनं ओळखलं. मॅडमनी रक्त घेतलं, पण निकालाची वाट न बघता तिथंच बसून तिला सगळं सांगितलं. आजार काय, गोळ्या कशा द्यायच्या, थंडीत जपायचं, पाणी पाजायचं, ओझं उचलू द्यायचं नाही. बाई खाली बघत ऐकत राहिली. मग मी सांगितलं की हे आम्हाला पावसाळ्यातच कळलं होतं, दसऱ्याला आम्ही येणार होतो, माझ्या चुकीनं तिचं नाव गेलं. मला वाटलं, आता ती शिव्या देईल. मी त्याची तयारी करून आले होते.

ती मुलीला जवळ ओढून माझ्याकडे बघत म्हणाली, "तुमी रगत नेलं, मंग कोनीच आलं नाय. आमी म्हनलं, पोर चांगली हाय, वाईट असतं तर सांगाया आलं असतं. थंडीत ही रडायची, पाय लय दुखतो म्हनायची, जाळी उचलाया नाय म्हनायची. तुजं रगत डाक्तरनी बगितलंय, तुला काय झालं नाय, असं म्हनून मी हिला मारलं, बाई."